घुंगुरट्यांची सोबत

भर मे महिन्यात सावर्ड्यामागचे डोंगर चढायची हौस मला चांगलीच नडली. एक माथा संपला की पुढच्या माथ्यावर घुंगुरटी हजर, नाकात, कानात, डोळ्यांत. वाटेत एकजण सोबतीला आला, आखातातून सुट्टीवर आलेला. मी टॉवेल झटकून रडकुंडीला आलो होतो आणि हा गृहस्थ कपाळभर घुंगुरटी मिरवत, बोटांचा चीक विजारीला पुसत निवांत करवंदं खात होता. हाकलायला हात म्हणून उचलेना.

शेवटी मीच वैतागून म्हणालो, "अहो, हाकला की त्यांना."

"राहू द्या ओ. तिकडं खोलीची खिडकीपण उघडत नाय. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी आपणहून जवळ आलंय."

मी टॉवेल खाली घेतला. एक घुंगुरटं लगेच डोळ्यात गेलं.