चारुलताबाईंची पेवं

चारुलताबाई हरिपूरच्या. त्यांच्या वडिलांची, आबांची, तिथं पेवं. म्हणजे शेतकऱ्या-व्यापाऱ्यांची हळद भाड्यानं साठवायची जमिनीखालची खोल कोठारं. वरून खूण नाही की पाटी नाही. कुठलं पेव कुणाचं, ते सगळं आबांच्या डोक्यात.

बाई सांगलीतल्या आमच्या बँकेत संगणक विभागाच्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. नव्याण्णव साली तिथं सर्व्हर आणि डिस्क एकमेकांना जोडणारा नवा स्विच आला. ठेवींच्या सर्व्हरला फक्त ठेवींच्या डिस्क दिसाव्यात आणि कर्जांच्या सर्व्हरला कर्जांच्या, असे झोन त्यावर पाडायचे होते.

"अगं ऋचा, ही तर पेवंच की!" बाई ओरडल्याच. झोनांना नावंही 'पेव एक', 'पेव दोन' अशीच दिली आणि ऐटीत ते चालू केले. झालं! एकाही सर्व्हरला एकही डिस्क दिसेना.

बाई आधी स्विचवर डाफरल्या, मग माझ्यावर. आणि एकदम कपाळावर हात मारून हसत सुटल्या. प्रत्येक झोनमध्ये त्यांनी डिस्क भरल्या होत्या, पण सर्व्हर घातलाच नव्हता. कुठल्या झोनचा मालक कोण, हे त्यांच्या डोक्यात होतं ना!

सर्व्हर घातले, तशा पडद्यावर डिस्क भराभर उमटल्या. मी टाळ्याच वाजवल्या. बाईंनी मात्र तडक घरी फोन लावला.

"आवं आबा, कुठलं पेव कुणाचं, ते आजच मला दाखवा. तुमच्या एकट्याच्या डोक्यात ऱ्हाऊन चालायचं न्हाई."