घरकोंडी

दादाचा आवाज काल संध्याकाळी वाक्याच्या मध्येच तुटला. भिंतीवरच्या स्पीकरमधून "मला नळी" एवढं आलं, आणि पुढचा शब्द काही आला नाही.

त्याची धाकटी बहीण तेव्हा त्याच्या पायांना तेल चोळत होती. ती तशीच तेलकट हातांनी उठली, मशीनच्या पडद्यासमोर वाकली. अक्षरांच्या पाटावर फिरणारा उजेड एका ओळीवर गोठून बसला होता. "मला नळी." पुढे काय? हवी? नको? रात्रभर तिने दोन्ही शब्द लावून पाहिले. सकाळ झाली तरी कानात ते अर्धं वाक्य तसंच लोंबकळत होतं.

दादाचं दुखणं स्नायूंचं. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. शेवटी पापण्या आणि बुबुळंसुद्धा त्याच्या हुकमात राहिली नाहीत. बुद्धी मात्र लख्ख. उजव्या गालात एक बारीकशी हालचाल तेवढी शिल्लक होती. ती माणसाच्या डोळ्याला दिसायची नाही, गालाला चिकटवलेल्या तारेलाच कळायची. पाटावरचा उजेड हव्या अक्षरावर आला की दादा गाल हलवायचा, शब्द पुरा झाला की मशीन तो बोलून दाखवायचं. ही सगळी जोडणी हात चालत होते तेव्हा त्याने स्वतःच करून ठेवली होती. "लोक म्हातारपणाची काठी पोरांकडे मागतात. मी आपली आधीच तासून ठेवलीय," असं वर हसून म्हणाला होता.

आता त्याचा श्वासही उणावत चालला होता. घशाला भोक पाडून नळी घालायची आणि यंत्राच्या श्वासावर ठेवायचं, एवढाच उपाय डॉक्टरीणबाईंकडे होता. "पण मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय," त्या म्हणाल्या होत्या. "हो म्हणाले तर करू. नाही म्हणाले तर मी हात लावणार नाही." आज सकाळी धाकटीने मशीन अडल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्यावर टाकता येणार नाही हो. दुपारी येते. तोवर बोलले तर उत्तम, नाहीतर तुमच्या सहीवर नळी घालू."

म्हणजे दुपारपर्यंत दादाचं वाक्य पुरं व्हायला हवं होतं.

आता मशीन उघडून बसल्यावर ते का अडलं ते तिला लगेच सापडलं. डिस्क काठोकाठ भरली होती, पाटाला पाय ठेवायला जागा नव्हती. तिने अडकलेला पाट बंद केला. मग जागा करायची म्हणून सगळ्यात मोठं गाठोडं, 'लायब्ररी' नावाच्या फायलींचं, उचलून नव्या डिस्कवर नेलं. जुन्या जागी नवा पत्ता लिहून ठेवला की काम झालं. ती कामाला जायची त्या गोदामातल्या मशीनवर असलं स्थलांतर तिने कितीतरी वेळा केलं होतं.

पत्ता लिहिण्याचा आदेश तिने दिला. मशीन म्हणालं, अशी फाइल नाही.

तिने फायलींची नावं मागितली. अशी फाइल नाही. तारीख विचारली. अशी फाइल नाही.

मग तिच्या लक्षात आलं. गोदामात ती सामानाची गाठोडी हलवायची. इथे तिने घराचे खांबच हलवले होते. मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक आदेश त्या लायब्ररीच्या आधाराने उभा राहतो, आणि पत्ता लिहिणारा आदेशही त्यातलाच. किल्ली कपाटात ठेवून तिने कपाटाचं दार ओढून घेतलं होतं.

"चालत नाही का गं?" दादाचं सगळं करणाऱ्या मावशी ओलं फडकं घेऊन दारात उभ्या होत्या.

"नाही."

"मग बंद करून चालू कर की. आमच्याकडचा टीव्ही तसाच ताळ्यावर येतो." असं म्हणत मावशींनी बटणाकडे हात नेलासुद्धा.

"मावशी!" धाकटी अशी ओरडली की मावशींच्या हातातलं फडकं खाली पडलं. "बटणाला हात लावू नका. आत्ता बंद पडलं तर ते परत उठणार नाही. पडद्यावर ही एक खिडकी उघडी आहे म्हणून धुगधुगी आहे."

"अगं, मग नीट सांगावं माणसाने. माझ्या छातीत धस्स झालं." मावशी फडकं उचलून दादाकडे वळल्या. "ऐकलंत का हो? तुमच्या बहिणीचा आवाज तेवढा शाबूत आहे."

दादाचा चेहरा तसाच राहिला. एरवी असल्या बोलण्याला त्याने पाटावरून एखादा टोला दिला असता.

धाकटी खुर्चीत बसली. आणि मग तिला घरकोंडी आठवली.

नवरा तिला सोडून गेला त्या वर्षीची गोष्ट. ती दादाकडे आली आणि दिवसदिवस स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत बसायची. दादा कॉम्प्युटर शिकवायचा धंदा करायचा. त्याने समजूतबिमजूत काही घातली नाही, एक दिवस तिला ओढून कीबोर्डसमोर बसवलं. "हे शेल," तो म्हणाला. "तू बोलतेस ते ऐकून घेणारा कारभारी. त्याचे काही आदेश घरचे, त्याच्या अंगातच असतात. बाकीचे बाहेरचे, हाक मारली की येतात. फायलींची नावं सांगणारा एलएस बाहेरचा. जागा बदलणारा सीडी घरचा."

"सीडी घरचा का?"

"शेजारच्याला म्हटलंस, माझ्याऐवजी तू बाजारात जाऊन उभा राहा, तर तो उभा राहील. तू कुठे असशील?"

"घरीच."

"मग? स्वतःची जागा स्वतःलाच बदलावी लागते, बये."

ती थोडी सरावली तेव्हा त्याने घरकोंडी काढली. एका जुन्या मशीनवरचे सगळे बाहेरचे आदेश तो दडवून ठेवायचा आणि म्हणायचा, "आज बाहेरचं कुणी येणार नाही. घरात आहे तेवढ्यात भागव." ती चिडायची, रडकुंडीला यायची. तो शेजारी बसून शेंगा फोडत राहायचा. कितीही अडली तरी त्याने तिच्या कीबोर्डला कधी बोट लावलं नाही. "तुझी ओळ मी पुरी केली तर ती माझी झाली. तुझी तू पुरी कर."

धाकटीने डोळे पुसले आणि खुर्ची थोडी वळवली, दादा दिसेल अशी.

"दादा, मी लायब्ररी हलवली रे," ती म्हणाली. "शेंगा घे. घरकोंडी लागलीय."

तिने 'इको' लिहून पुढे एक चांदणी ठेवली. इको घरचा, दिलेलं परत म्हणून दाखवणारा. चांदणी दिली की समोर असतील ती सगळी नावं म्हणून दाखवतो. नावं आली. तिने हुश्श केलं. सीडीने नव्या डिस्कवर गेली, पुन्हा इको. लायब्ररी तिथे पुरीच्या पुरी होती. म्हणजे मेलं कुणीच नव्हतं, बाहेरचे सगळे आपापल्या जागी झोपून होते.

"लायब्ररी कुठे आहे ते सांगून बघते," ती मोठ्याने म्हणाली. नवा पत्ता कारभाऱ्याच्या कानात घातला, पुन्हा एलएसला हाक मारली. अशी फाइल नाही.

पुन्हा. नाही. तिने ओठ चावला. बाहेर ऊन चढत होतं. दादाचा श्वास आत जाताना घरघरत होता, आणि दोन श्वासांमधली फट तिला सकाळपेक्षा मोठी वाटत होती.

"काय करू रे? पत्ता सांगितला तरी उठत नाहीत. का उठत नाहीत?"

मावशी दादाची उशी सारखी करत होत्या. "झोपलेल्याला पत्ता सांगून काय उपयोग?" त्या आपल्याशीच पुटपुटल्या. "त्याला आधी उठवायला नको का कुणी?"

धाकटीची बोटं थांबली.

उठवणारा! दादा त्याला तसंच म्हणायचा. बाहेरच्या आदेशाला हाक मारली की आधी एक छोटा गडी धावतो, त्याला हलवून उठवतो, लायब्ररीपाशी नेऊन उभा करतो. तो गडीही राहायचा लायब्ररीतच. गाठोड्याबरोबर तिने त्यालाही नव्या डिस्कवर नेला होता, आणि सगळे त्याची जुन्या दारी वाट पाहत होते. पण त्याला स्वतःला उठायला कुणी लागत नाही. मग त्यालाच त्याच्या नव्या दारात जाऊन हाक मारली तर?

तिने इकोने त्याचं नाव शोधलं. मग एकेक अक्षर दोनदा तपासत ओळ लिहिली: आधी उठवणाऱ्याचा नवा पत्ता, मग लायब्ररीचा, मग ज्याला उठवायचं त्याचा, म्हणजे त्या पत्ता लिहिणाऱ्या आदेशाचा, आणि शेवटी त्याने काय कुठे लिहायचं ते. ओळ पुरी झाली. फक्त एंटर दाबायचं राहिलं.

दार वाजलं. डॉक्टरीणबाई आत आल्या, पर्स खुर्चीला अडकवली, दादाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. चेहरा गंभीर झाला.

"मशीन?" त्यांनी विचारलं.

धाकटीने पडद्याकडे पाहिलं.

"नाही झालं का? बरं, जिवाला लावून घेऊ नका. हा कागद. इथे सही करा, लगेच गाडी मागवते."

कागद समोर आला. पेनसुद्धा. धाकटी बघतच राहिली. एक सही केली की नळी बसणार होती, आणि दादा राहणार होता. ह्या खोलीत, ह्या खाटेवर, तिच्या डोळ्यांसमोर. मशीनचं कुणाला काय कळणार होतं? नाही चालत म्हटलं की नाही चालत. पुढचा शब्द काय होता ते तिला रात्रीच कळलं होतं. हवी म्हणायचं असतं तर "हवी" असं तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हाच आलं असतं. गेल्या आठवड्यात तिने "घेशील ना नळी?" असं विचारलं तेव्हा उजेड पाटावरून नुसता फिरत राहिला होता, आणि ती घाईघाईने दूध बघायला म्हणून उठून गेली होती.

तिने दादाकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली होती. ती उठली, पदराने ती पुसली. त्याचे डोळे छताकडे होते. त्याला सगळं ऐकू येत होतं.

इतक्या वर्षांत त्याने तिच्या कीबोर्डला बोट लावलं नव्हतं.

"एक मिनिट थांबा," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, आणि तिने एंटर दाबलं.

मशीन काहीच म्हणालं नाही. मशीन गप्प राहतं तेव्हा काम झालेलं असतं. तिने एलएस लिहिलं. नावं भराभरा पडद्यावर उतरली. तिने पाट सुरू केला, गालावरची तार दाबून बसवली. अक्षरांवरून उजेड फिरू लागला.

खोलीत कुणी हललं नाही. उजेड पहिल्या ओळीवरून गेला, दुसऱ्या, तिसऱ्या. थांबला.

"नको," स्पीकर म्हणाला.

डॉक्टरीणबाई खाटेजवळ वाकल्या. "नळी नको? नाही घातली तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे?"

"हो."

"बहिणीचा विचार केलात?"

उजेड बराच वेळ फिरला. "तिचाच. आधी. केला."

डॉक्टरीणबाईंनी कागदाची घडी घातली. "त्रास होऊ नये एवढं बघते," म्हणाल्या, आणि औषध लिहून मावशींना समजावून सांगायला बाहेरच्या खोलीत गेल्या.

धाकटी खाटेच्या कडेवर बसली. दादाचा हात तिने हातात घेतला. तो नेहमीसारखाच जड, गार होता.

"का रे?" ती म्हणाली. "यंत्राने घेतला असता ना श्वास तुझ्यासाठी. माझ्यासाठी तरी."

अक्षर, अक्षर, शब्द. त्याला दम पुरत नसल्यासारखा प्रत्येक शब्द उशिरा येत होता. "घरात. आहे. तेवढ्यात. भागवतो."

"नाही भागत रे!" ती ओरडली. बाहेरच्या खोलीतलं बोलणं थांबलं. "नाही भागत, दादा. माझं नाही भागत. बदल ना. अजून कागद इथेच आहे त्यांच्याकडे. बदल."

तिने पडद्याकडे पाहिलं. उजेड वरून खाली गेला, पुन्हा वर आला. "हवी"तल्या "ह"च्या ओळीवरून गेला. उजेड पुढे सरकला. पुन्हा वरून खाली. ती त्याचा हात घट्ट धरून प्रत्येक फेरीला त्या एका ओळीची वाट बघत राहिली, आणि दादा गाल न हलवता पडून राहिला.