पोळ्याच्या दिवशी जीप कोणी ओढली?

घरात कुणी ‘बाहेरचं काहीतरी झालंय’ म्हणालं की आधी थर्मामीटर शोधणारी बाई मी. शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, लग्न डॉक्टरशी झालं, आणि अंगारा-धुपारा आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. तरीही हे लिहायला बसले... कारण निखिलने परवा त्याच्या नव्या गाडीचा फोटो पाठवला.

फोटोत तिकडच्या वाळवंटात उभी असलेली छोटीशी गाडी. टपावर नारिंगी फळ्या, मागच्या दारात पट्टे, हुक, फावडं — गाडी रुतली तर बाहेर काढायचं सगळं सामान. खाली त्याचा प्रश्न: “आजी, हे सगळं मावतच नाही. तू असतीस तर कसं भरलं असतंस?”

अरे, मी भरलेलं आहे! तुम्हा नातवंडांचा, तुझा आणि मधुराचा, पत्ताही नव्हता तेव्हा, वाशिमला. आणि त्या सामानातल्या एका दोराच्या बाबतीत जे घडलं ते मी तुम्हाला फोनवर नेहमी अर्धंच सांगते. आज पूर्ण लिहिते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. तुमच्या आजोबांनी तिथे लहानसा दवाखाना काढला होता, आणि लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली होती. आजोबांना ती चालवणं कधीच जमलं नाही. क्लच सोडायच्या वेळी ते बोलत बसायचे. मला मात्र महिन्याभरात जमली. मी पुण्याची, जेमतेम चोविशीतली, कमरेला पदर खोचून जीप चालवते म्हटल्यावर बाजारातले लोक तराजू हातात धरून बघत राहायचे. काय मजा यायची!

पण वाशिमची काळी माती म्हणजे थट्टा नव्हे. उन्हाळ्यात ती दगड असते आणि पावसाळ्यात लोणी. दोनदा रुतून बसल्यावर मी गाडी भरायचं काम स्वतःकडे घेतलं. नियम एकच — जे आधी लागणार ते शेवटी भरायचं. साखळी जड, म्हणून तळाशी. जॅक बारदानात गुंडाळलेला, नाहीतर रस्ताभर आदळून डोकं उठवतो. त्याच्याखाली घालायची सागाची फळी त्याच्याच शेजारी हवी, कारण फळीशिवाय जॅक स्वतःच चिखलात बुडतो आणि गाडी आहे तिथेच राहते. फावडं आणि पहार बाजूला पट्ट्याने बांधून. चिखलाचं सामान एकीकडे, औषधांची पेटी दुसरीकडे. दोन्हींची गाठ पडता कामा नये.

आमच्या दवाखान्यात गंगाबाई नावाची सुईण होती. मूळची अनसिंगची, जिभेला हाड नाही. तिने एकदा माझी ती मांडणी बघितली आणि चार माणसांसमोर विचारलं, “बाई, सारं घेतलं, पन नाडा कुठी हाये तुमचा?”

माझ्या पुणेरी कानाला नाडा म्हणजे लेंग्याचा. मी लाल झाले आणि तिला चांगलं सुनावलं. आजोबा हसता हसता खुर्चीवरून घसरायचे बाकी होते. मग कळलं की नाडा म्हणजे विहिरीवरच्या मोटेचा दोर — मनगटाएवढा जाड, बैलजोडीने ओढायचा. एका बागवानाने मोट मोडून इंजिन बसवलं होतं, त्याच्याकडून गंगाबाईनेच तो मला आणून दिला. “साखळीले बैल बिचकतात, नाड्याले नाई,” म्हणाली. तेव्हापासून नाडा सगळ्यात वर. सगळ्यात शेवटी भरायचा, सगळ्यात आधी काढायचा.

आता तो दिवस.

पोळा होता. दुपारी जेवणं होतात न होतात तोच एक म्हातारा चिखलाने भरलेल्या पायांनी दारात आला. नाव तुळशीराम. अनसिंगच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत, एका वस्तीवर त्याचा भाजीपाल्याचा मळा होता. त्या वस्तीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाहीतर लोक तिथे नारळ घेऊन जायचे. त्याचा मुलगा अकोल्याला गिरणीत कामाला, आणि घरी सून सरू बाळंतपणात अडलेली. आदल्या दिवसापासून.

आजोबा, गंगाबाई, मी आणि तुळशीराम निघालो. रस्ता सुटल्यावर बैलगाडीची वाट, मग एक नाला. जाताना तो आम्ही सहज पार केला; मी तर खूश होऊन हॉर्नही वाजवला. पण सरूला तपासून आजोबा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता. मूल आडवं होतं. त्यांना टेबल हवं होतं, उजेड हवा होता, उकळलेली हत्यारं हवी होती — म्हणजे वाशिम, आणि तेही लगेच.

मी जीपचा मागचा भाग रिकामा केला. अवजारं बोनेटवर बांधली, नाडा माझ्या सीटमागे कोंबला आणि मागे गोधड्या अंथरून सरूला निजवलं. गंगाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तुळशीराम बाजूला मडगार्डवर.

आणि परतताना नाल्याने आम्हाला धरलं. वरच्या अंगाला पाऊस पडून गेला असावा, पाणी गढूळ होऊन वाढत होतं. मधोमध पुढची चाकं खाली गेली आणि गाडी पोटावर बसली. चारही चाकं फिरवून पाहिली... नुसता काळा गारा उडाला. जॅक लावला तर फळीसकट खाली. आजोबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फावड्याने उकरत होते. जेवढं उकरावं तेवढं परत भरत होतं. मागे सरू आधी ओरडत होती, मग ओरडायची थांबली. ते जास्त वाईट होतं.

तुळशीराम पाण्यात उभा होता. मला वाटलं, हा बैल आणायला धावेल. तो धावला नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत हे मला ऐकून माहीत होतं, पण त्याचा अर्थ मी त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर पाहिला. वर्षभर राबणाऱ्या जनावराला दिलेला तो एका दिवसाचा शब्द असतो. तो त्याने आयुष्यात कधी मोडला नव्हता.

गंगाबाई मागून म्हणाली, “काय पाहून राह्यला बुवा? पोरगी थंडी पडून राह्यली.”

“आनतो,” तो म्हणाला. “पाप लागलं तं मले लागन.” आणि वस्तीकडे पळत सुटला.

बैल आले की वेळ जाऊ नये म्हणून मी नाडा काढला. एक टोक पुढच्या हुकात अडकवलं, दुसरं घेऊन समोरचा, म्हणजे वाशिमच्या बाजूचा काठ चढले. वर एक पडीक मळा होता. बुजलेली विहीर, आणि तिच्या पुढे मोटेची जुनी धाव — बैलांनी दोर ओढत उतरायची ती उतरती वाट. गवत माजलं होतं, पण खाली जमीन टणक होती. बैलांचे पाय टिकतील तर इथेच, असा विचार करून मी नाडा त्या धावेवर सरळ टाकला, टोकावर एक धोंडा ठेवला आणि परत येऊन स्टिअरिंगवर बसले. खालून धाव दिसत नव्हती. काठावर चढून पलीकडे गेलेला दोर तेवढा दिसत होता.

मी बसते न बसते तोच दोर उचलला गेला. चिखलातून सरसर वर आला, ताणला, त्यातून पाणी पिळलं गेलं.

“आले बैल,” मी ओरडले. वरच्या अंगाने कुठून तरी नाला ओलांडून आले असतील असं वाटलं. आजोबांनी मागून जोर लावला, मी गिअर टाकला. गाडी हलली! एक ओढ... मग थांबा. परत एक ओढ, परत थांबा. दोन थांब्यांमध्ये दोर जरासा ढिला व्हायचा आणि मग एकसारखा, न हिसकता, ताणत जायचा. माझे हात असे स्थिर होते की आजही आठवून बरं वाटतं. चिखलाने “फट्” करून पोट सोडलं, पुढची चाकं काठाला लागली आणि आम्ही वर चढलो. मी अक्षरशः टाळ्या पिटल्या.

गंगाबाई मात्र मान वाकडी करून काठाकडे कान देत होती. मग म्हणाली, “बाई, घुंगरं काहून नाई वाजले?”

पोळ्याच्या दिवशी बिनघुंगरांचा बैल साऱ्या वऱ्हाडात सापडायचा नाही. गळ्यात माळा, शिंगांना बेगड, पाठीवर झूल... नुसती मान हलली तरी खुळखुळ ऐकू येते. आम्ही काहीच ऐकलं नव्हतं.

दोर टाकून जायचा माझा स्वभाव नाही. गुंडाळायला म्हणून मी धावेवर गेले. तिथे कोणी नव्हतं. मळा उघडा, आडोसा नाही, पलीकडे लांबपर्यंत गुडघाभर तूर. नाडा धावेच्या अगदी तळापर्यंत गेलेला होता — मी टाकला होता त्याच्या कितीतरी खाली. धोंडा जागच्या जागी होता. आणि मी मोकळं सोडलेलं टोक मोकळं नव्हतं. त्याला गाठ मारून एक रुंद फास केलेला होता, जू अडकवतात तसा. मी हात लावला तर तो कोमट होता. ओल्या दोराचा कोमटपणा नव्हे... अंगाचा.

तेवढ्यात मागून घुंगरं वाजली. नाल्याच्या पलीकडच्या काठावर तुळशीराम सजवलेली बैलजोडी घेऊन पोचला होता आणि त्याच्यामागे अख्खी वस्ती. सगळे आमच्याकडे बघत उभे. बैलांच्या खांद्यावर अजून जू चढलेलं नव्हतं.

“कोनं ओढलं?” त्याने पलीकडून विचारलं.

आजोबा गाडी काढ म्हणून हाका मारत होते. मी नाडा तसाच, न गुंडाळता, गाडीत फेकला. माझ्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

दिवस मावळायच्या आत वाशिम गाठलं. सरू वाचली. मुलगी झाली, आधी निळी होती, मग आजोबांनी पाठीवर चापट मारल्यावर अशी रडली की दवाखान्याबाहेर पोळा बघून परतणारी माणसं थांबली.

त्या रात्रीपासून पुढे वर्षानुवर्षं आम्ही कारणं शोधली. आजोबांचं म्हणणं, दोर भिजला की आखडतो, त्यानेच गाडी ओढली गेली असेल. अहो, पण दुसरं टोक कशाला बांधलेलंच नव्हतं! एका इंजिनिअर मित्राने कागदावर आकृती काढली आणि गाठीपाशी येऊन पेन्सिल ठेवून दिली. कुणी वाटसरूने ओढलं म्हणावं, तर पोळ्याला बैल घेऊन रस्त्याने कोण जातं? आणि तो गेला कुठे? निखिल, तूही काहीतरी शोधशील. जरूर शोध. माझ्याकडे उत्तर नाही, आणि आता या वयात ते मिळेल असंही वाटत नाही.

मला फक्त दुसऱ्या दिवशीचं सांगायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीराम दवाखान्यात आला. नात पाहिली, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. मग बाहेर येऊन मला विचारलं, ओढ कशी होती. मी सांगितलं — थांबून थांबून, हिसका नाही. कुणाचा मळा तो, असं मीही विचारलं. त्याला माहीत नव्हतं. त्याच्या बापालाही माहीत नव्हतं म्हणाला. त्याने जीपचा पुढचा हुक हाताने चाचपला.

“माह्या बैलायच्या खांद्यावर काल जू नाई पडलं,” तो म्हणाला. “माहा शब्द राह्यला. पन कोनाच्या तरी बैलायवर पडलंच ना, बाई. सनाच्या दिवशी. त्यायले तसंच कसं सोडाव?”

त्याने फडक्यात पुरणपोळ्या बांधून आणल्या होत्या, आणि एका वाटीत लोण्यात कालवलेली हळद. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे या हळदीने मळतात. मला हसू यायला हवं होतं. मी जीप काढली.

आम्ही मुख्य रस्त्याच्या बाजूने त्या धावेपाशी गेलो. लख्ख ऊन होतं. त्याने धावेच्या तळाशी पळसाच्या पानावर पोळ्या मांडल्या. मग वाटी माझ्या हातात दिली, बोटांवर हळद घेतली आणि रिकाम्या हवेत, बैलाच्या खांद्याच्या उंचीवर, हळूहळू मळू लागला. आधी एका बाजूला, मग दोन पावलं सरकून दुसऱ्या बाजूला. हात मध्येच थांबत होता, जशी काही खाली गाठ लागली असावी, आणि तिथे तो जास्त वेळ चोळत होता.

मी शेजारी उभी. इंग्रजी शाळेत शिकलेली, डॉक्टरची बायको. हातात वाटी.

त्याने मागे न बघता हात पुढे केला. तो वाटीपर्यंत पोचला नाही.

“वाटी जरा वर धरा, बाई,” तो म्हणाला. “उंच हायेत.”

मी वाटी वर धरली.