आप्पासाहेबांच्या नावाची गांधीलमाशी

कोपरगावच्या अलीकडे, कालव्याला लागून असलेल्या त्या कॉलेजात आप्पासाहेबांचे नाव नसलेली वस्तू शोधू म्हटले, तर एक खोली सोडून काही हाती लागले नसते. कॉलेज आणि शेजारचा सहकारी साखर कारखाना काढला आप्पासाहेबांनी, आणि ते वारल्यावर दोन्हींचे अध्यक्ष झाले त्यांचे चिरंजीव काकासाहेब. त्यामुळे ग्रंथालय आप्पासाहेबांचे, सभागृह आप्पासाहेबांचे, पाण्याची टाकी आप्पासाहेबांची. मुतारीच्या भिंतीवरसुद्धा त्यांच्या पुण्यस्मरणाची संगमरवरी पाटी होती. प्राणिशास्त्र विभागाच्या मागची खोली तेवढी डॉ. वैजनाथ गर्जे यांची होती, तीही तिथे बसायला दुसरे कोणी तयार नव्हते म्हणून.

खोलीत बरण्या होत्या. बरण्यांत तरवडाच्या डहाळ्या, डहाळ्यांवर हिरव्या अळ्या, आणि त्या अळ्यांच्या पोटात, बाहेरून कसलाही मागमूस न देता, गांधीलमाशीची पिल्ले. ही गांधीलमाशी म्हणजे वळचणीला पोळे करून माणसाला डसणारी नव्हे. ही तिळाएवढी, काळी, माणसाला ओळखही न दाखवणारी. ती जिवंत अळीच्या अंगात अंडी घालते. पिल्ले अळीला आतून खातात, पण रीतसर. मर्मस्थानांना हात लावत नाहीत. अळी चरत राहते आणि आपले बरे चालले आहे असे समजते. मग एके दिवशी पिल्ले तिची कातडी फोडून बाहेर येतात आणि तिच्या अंगाला लागूनच पांढरे रेशमी कोश विणतात. अळी तेव्हाही मेलेली नसते. ती त्या कोशांवर ओणवी होऊन पहारा करते, जवळ आलेल्या मुंगीला हिसडे मारून हाकलते, आणि मगच मरते.

वैजनाथला ही जगातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटे. कदाचित त्यामुळेच त्याचे कोणाशी फार जमले नाही.

तो मूळचा पाथर्डीकडच्या डोंगरपट्ट्यातला. आईबाप दर दिवाळीनंतर ऊस तोडायला याच भागात येत, आणि हा फडाच्या कडेला खोपीपाशी भावंडे सांभाळत किडे पाही. पुढे तो शिकला, पुण्याला गेला, डॉक्टरेट मिळवली, आणि एवढा खटाटोप करून पुन्हा त्याच उसात, त्याच मळीच्या वासात नोकरीला आला. त्याची आई कडूबाई हयात होती तोवर म्हणायची, "तुला कोयता नको म्हनून शिकीवला, तर तू आळ्याच येचाया लागला!"

विभागप्रमुखाचे पद काकासाहेबांच्या मेव्हण्याला मिळाले होते. त्या गृहस्थाला माशी आणि डास यांतला फरक चावल्यावरच कळे. वैजनाथने याबद्दल विद्यापीठाकडे, संस्थेकडे आणि एकदा थेट काकासाहेबांच्या वाढदिवसाच्या रांगेत उभे राहून तक्रार केली होती. तिन्ही ठिकाणी त्याला पेढा मिळाला.

वर्गात मात्र तो राजा होता, आणि प्रजा मोबाइलमध्ये होती. तो तिला वर्गीकरण शिकवी. पूर्वी 'अपँटेलिस' नावाचे एक भले मोठे पोते होते. लहान, काळी, अळीत अंडी घालणारी माशी दिसली की टाक त्यात. पुढे शास्त्रज्ञांनी पोते उसवले, पंखांवरच्या शिरा तपासल्या आणि वंश निराळे केले. वैजनाथच्या माश्या 'कोटेसिया' या वंशात गेल्या. मग जनुकांचे वाचन आले आणि दिसायला सारख्या माश्यांत कितीतरी वेगळ्या जाती निघाल्या; प्रत्येकीची अळी वेगळी, झाड वेगळे. "आपल्याकडच्या पक्षासारखंच," तो सांगे, "बाहेरून सगळे एकच. कोण कोणाच्या जिवावर जगतो ते पाहिलं की गट वेगळे पडतात."

उत्क्रांतीचा धडा तर त्याचा हातखंडा. या माश्यांचे फार जुने पूर्वज लाकडात दडलेल्या अळ्यांना नांगी मारून लुळे करीत, वर अंडी घालीत, आणि पिल्ले ती अळी बाहेरून कुरतडून संपवीत. हा सरळ दरोडा झाला. पुढे काही शाखांना उमगले की अळी जिवंत राहिली, खात राहिली, तर जास्त पुरते; त्या आत शिरल्या. पण आत अळीचे रक्त परक्या अंड्याला घेरून त्याचा जीव घेते. तेव्हा सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी यांच्यातल्या एका पूर्वजाला एक विषाणू चिकटला, तो वंशपरंपरेने त्याच्या जनुकांतच मुरला, आणि आजही मादी अंड्यांबरोबर त्या विषाणूचा वारसा टोचते. अळीची प्रतिकारशक्ती झोपी जाते. "दरोड्यापासून सहकारापर्यंतचा हा प्रवास आहे," असे वैजनाथ म्हणे, आणि त्याची बढती का अडली हे ज्याला कळले नसेल त्याने हे वाक्य पुन्हा वाचावे.

यंदा काकासाहेबांच्या मनात वडिलांचे स्मृतिदालन आले. आप्पासाहेबांची खुर्ची, काठी आणि जुन्या जीपचे स्टिअरिंग काचेत ठेवायचे होते, आणि जागा म्हणून बोट नेमके वैजनाथच्या खोलीवर पडले. पुण्यतिथीच्या आत खोली रिकामी करा, असा निरोप आला.

बाकी काहीही गेले असते तरी वैजनाथने नेहमीप्रमाणे अर्ज करून गप्प बसणे पत्करले असते. पण खोली गेली की बरण्या जाणार, आणि बरण्या गेल्या की त्याच्या आयुष्यात मेव्हण्याने काढलेले वेळापत्रक तेवढे उरणार. शिवाय त्याच्याकडे एक नवी जात होती. गावाकडच्या तरवडावरची अळी, तिच्यातून निघालेली माशी, बंगळूरच्या तज्ज्ञांनी शहानिशा करून दिलेली. शोधनिबंध तयार होता, फक्त नाव घालायचे होते. ती जागा त्याने आईसाठी राखून ठेवली होती.

तो काकासाहेबांच्या केबिनमध्ये गेला.

"साहेब, एक नवी माशी सापडली आहे."

"कुठं? कॅन्टीनला?"

"जगात. आजवर कोणी नोंदली नव्हती. तिला आप्पासाहेबांचं नाव द्यावं असं मनात आहे."

काकासाहेबांनी फोन पालथा ठेवला. "आप्पांचं? किती दिवस राहतंय ते?"

"कायमचं. जगभर. एकदा छापलं की कोणालाही बदलता येत नाही."

"विरोधकांची बॉडी आली तरी?"

"तरीही."

"वा! करते काय ही माशी?"

इथे वैजनाथने कृषी खात्याचा शब्द वापरला. "मित्रकीटक आहे, साहेब. शेतकऱ्याचा मित्र."

"आप्पा तसेच होते," काकासाहेब गहिवरून म्हणाले, आणि दालन पुढल्या वर्षावर गेले.

'कोटेसिया आप्पासाहेबी' छापून आली. वैजनाथने मनातल्या मनात आईची क्षमा मागितली. गावाच्या वेशीवर फ्लेक्स लागला: 'जगाच्या नकाशावर आप्पासाहेब!' त्यावर माशी आप्पासाहेबांच्या फेट्याहून मोठी दिसत होती. पुण्यतिथीसाठी माहितीपट करायचे काम व्हिडिओ शूटिंगवाल्या करणला मिळाले. त्याने माशीची चित्रफीत मागितली तेव्हा वैजनाथने अख्खा पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला.

"सर, यातलं कुठलं घेऊ?"

"सगळंच पाहण्यासारखं आहे," वैजनाथ म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता.

पुण्यतिथीला मांडव कारखान्याच्या सभासदांनी भरला. पहिल्या रांगेत आप्पासाहेबांच्या पत्नी भागूबाई, शेजारी काकासाहेब, आणि हयातीत प्रथमच वैजनाथ. मोठ्या पडद्यावर ड्रोनने टिपलेला ऊस, तुतारी, मग आप्पासाहेबांचा फोटो विरघळत विरघळत माशी झाला. मराठी विभागाच्या धनश्री मॅडमचा धीरगंभीर आवाज घुमला: "ज्यांनी शेतकऱ्यांच्या अंतःकरणात कायमचे स्थान मिळवले..." आणि पडद्यावर खाटेएवढ्या अळीच्या अंगात माशीने आपली सुई खुपसली. "ज्यांच्या पोटी पुढच्या पिढीची चिंता होती..." अळीची कातडी ठिकठिकाणी फुगली, फाटली, आणि पांढरी पिल्ले वळवळत बाहेर आली. "...आणि आजही सभासद ज्यांचा वारसा प्राणपणाने जपत आहेत!" अर्धमेली अळी कोशांवर ओणवी होऊन मुंगीला हिसडे देऊ लागली.

मांडवातल्या लोकांनी माना उंचावल्या. मग मागून कोणीतरी ओरडले, "आरं, ती आळी म्हंजी आपुन!"

"आन् राखन बी आपुनच करतोय की!" दुसऱ्याने साथ दिली.

मग मांडव जो हसला तो आवरेना. शिट्ट्या झाल्या, एकाने 'वन्स मोअर' मागितला. काकासाहेबांचा चेहरा बीटासारखा झाला. भागूबाई पदराचा बोळा तोंडात धरून हलत होत्या. लोकांना वाटले, रडतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीला नवे कुलूप होते. शिपाई छगन किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभा होता.

"सर, वरनं आर्डर हाय. दुपारच्याला बरन्या फेकायच्यात."

"आत अळ्या उपाशी आहेत, छगन."

"त्यांला तसंबी मरायचंच हाय न्हवं?" छगन म्हणाला. वैजनाथ तडक काकासाहेबांच्या बंगल्यावर गेला.

काकासाहेब पडवीत येरझारा घालत होते. भागूबाई झोपाळ्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"नाव बदला," काकासाहेब म्हणाले.

"बदलता येत नाही. मी आधीच सांगितलं होतं."

"आख्ख्या जिल्ह्याचं नाव बदललं, सर! स्टेशनची पाटी बदलली. तुमच्या माशीचं बदलत न्हाई?"

"जिल्ह्याला मंत्रिमंडळ असतं, साहेब. प्राण्यांच्या नावांना नियम असतात. आवडलं नाही म्हणून छापलेलं नाव रद्द होत नाही. माणूस चुकीचा निघाला तरी नाही."

शेवटचे वाक्य गिळले असते तर बरे झाले असते. पण गिळायची सवय असती तर वैजनाथ कधीच प्रमुख झाला असता.

"कोन चुकीचा?" काकासाहेब अंगावर आले.

"काक्या, बस खाली," भागूबाई म्हणाल्या. "मास्तर, मला सांगा. त्या आळीला काईच कळत न्हाई व्हय?"

"नाही, आजी. तिला वाटतं आपलं बरं चाललंय."

"माझा बा बी तसाच." त्यांनी शेंगेची टरफले फुंकली. "काक्या, तुझा बाप हितं घरजावई म्हनून आला तवा पिशवीत दोन धोतरं हुती. जमीन माझ्या बाची, हीर माझ्या बाची, तुमचं कालिज हाय ते रान बी त्याचंच. समदं कवा ह्यांच्या नावावर झालं, म्हाताऱ्याला कळलंच न्हाई. मरेस्तवर दारात बसून सांगायचा, जावई लई गुनाचा. कुनी वाकडं बोललं की काठी घिऊन उठायचा. काल पडद्यावर मला माझा बा दिसला."

"आई! सरांपुढं काय बोलतीस!"

"मास्तरानं दावलं म्हनून बोलते. इतकी वर्सं कुनी दावलंच न्हवतं." त्या झोपाळ्यावरून उतरल्या. "चला मास्तर. मला त्येन्ला जवळनं बघायचं हाय."

काकासाहेबांना आईला अडवता येईना आणि किल्ली द्यायलाही तोंड उघडवेना. त्यांनी छगनला फोन लावून फक्त 'हं' म्हटले.

खोलीत वैजनाथने सूक्ष्मदर्शकाखाली माशी ठेवली. त्याने आधी बरण्यांत ताजी पाने टाकली, मगच भिंग जुळवले. भागूबाईंनी तेवढा वेळ स्टुलावर बसून काढला. मग त्या उठल्या आणि डोळा लावण्याआधी त्यांनी पदर डोक्यावरून नीट पुढे ओढला, नवऱ्यापुढे जाताना ओढत असतील तसा.

बराच वेळ त्या पाहत राहिल्या.

"लई वाळलेत," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "मिशा मातर त्याच."

कमरेच्या पिशवीतून त्यांनी अष्टगंधाची डबी काढली, सूक्ष्मदर्शकाच्या मानेवर एक बोट ओढले आणि वर झेंडूचे फूल ठेवले. दारात उभ्या असलेल्या छगनने चटकन चपला काढल्या. वैजनाथ आयुष्यभर विवेकवादी. वर्गात त्याने अंगारे-धुपाऱ्यांवर व्याख्याने झोडली होती. त्याचा हात स्पिरिटच्या बाटलीपर्यंत गेला, तिथे थांबला, आणि मागे आला.

त्यानंतर दालनासाठी भिंत मोजायला गवंडी आले. त्यांनी गंध पाहिले, फूल पाहिले, बाहेरच पादत्राणे काढली, सूक्ष्मदर्शकाला नमस्कार केला आणि परत गेले. जिथे थोरल्या बाई दर गुरुवारी फूल वाहायला येतात ती जागा पाडायची कोणाची छाती? आप्पासाहेबांची खुर्ची, काठी आणि स्टिअरिंग शेवटी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले. मेव्हण्याने आपले टेबल जिन्याखाली हलवले आणि संस्थेकडे अर्ज केला. त्याला पेढा मिळाला.

पुढे एका सकाळी वैजनाथ गंध सांभाळून फक्त भिंगे पुसत असताना त्याला बरणीत काही वेगळे दिसले. आप्पासाहेबीच्या एका पांढऱ्या कोशाला बाजूने भोक पडले होते, आणि त्यातून निघालेली माशी आप्पासाहेबी नव्हतीच. ती तिच्याहून बारीक होती, हिरव्या धातूसारखी चमकत होती. असे होते: परोपजीवीवरही परोपजीवी असतात. कोश विणून निर्धास्त झोपलेल्या आप्पासाहेबीत, ती रानात असतानाच, कोणीतरी गुपचूप अंडे घातले होते, आणि आत शिरलेल्याला आतूनच खाल्ले होते.

ती नवी जात आहे की जुनीच, हे ठरायला बंगळूरकरांना वर्षे लागतील. वैजनाथला घाई नव्हती. त्याने तिला हलकेच काचेच्या नळीत घेतले, खिडकीच्या उजेडात धरले, आणि या खोलीत प्रथमच मोठ्याने हसून म्हणाला, "ये, कडूबाई."