पहिल्या पानावरचं निदान

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. मुलीने "बाबा, आठवणी लिहा" म्हणून वही आणून दिली, तेव्हा त्या वहीत मी मजेदार किस्से भरले. मानसोपचारवाल्या डॉक्टरकडे असे किस्से पुष्कळ असतात आणि ऐकणारे हसतात. कोरगावच्या मास्तरांचं त्यात मी काही लिहिलं नाही. गेल्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं, अक्षर दिसतंय, तोवर लिहून टाकतो.

गोव्याला अजून राज्याचा दर्जा मिळायचा होता. राजभाषा कोणती यावरून मोर्चे निघत होते, रस्ते अडवले जात होते. मी सरकारी डॉक्टर; मंगळवारी पेडणे तालुक्यात आणि शुक्रवारी डिचोलीत बसायचो. डिचोलीत खाणींवरचे बेळगाव-कोल्हापूरकडचे कामगार जास्त, पेडण्यात शेतकरी आणि नोकरदार घरांतली माणसं. सकाळभरात चाळीस-पन्नास जण असायचे. एकेकाला पाच मिनिटं मिळाली तरी खूप. पाच मिनिटांत मनाचा आजार ठरवायचा म्हणजे सोबतचं माणूस काय सांगतं ते ऐकायचं, पेशंटकडे नीट बघायचं, आणि कपाटात जे औषध असेल त्याला जुळेल असं नाव कार्डावर लिहायचं. यातला शेवटचा भाग मला कुणी शिकवला नव्हता. तो मी कधी उचलला, आठवत नाही.

मास्तर मराठी शाळेत शिकवायचे. पत्नी त्यांना घेऊन आली त्या दिवशी माझ्या मेजावरच्या कागदांवरही त्यांनी हात ठेवला आणि कोऱ्या बाजू मोजू लागले.

"डॉक्टर, ह्यांका आठ दिस झोप नाय," ती म्हणाली. "रातभर लिवतत. माका उठवून वाचून दाखवतत."

"हिला काय कळतंय! मुख्यमंत्र्यांना पत्र आहे, डॉक्टर. सतरा पानं. नाही, अठरावं आत्ता बसमध्ये झालं."

"तिकिटांच्या पाठीर लिवला. कंडक्टर आमच्यार बोंबललो."

"तो कंडक्टर आपलाच आहे. सगळे आपलेच आहेत! काल रेडिओवरच्या बातम्या ऐकल्यात? तिसरं वाक्य माझं होतं. माझीच वाक्यं वाचतात ते, रोज."

मी रेडिओचं लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली. पत्नी अजून बोलत होती. "चार वर्सांआधी असाच झालेला. महिनाभर. मगे आपसूक बरे झाले. मदी काय्येक नाय हां डॉक्टर. शाळा, भजन, सगळा बेस." तेही मी कार्डाच्या पहिल्या पानावर लिहिलं. येऊन जाणाऱ्या, मधल्या काळात माणसाला धड ठेवणाऱ्या उन्मादाचं इतकं सरळ वर्णन मला परीक्षेतही कुणी दिलं नव्हतं. पण त्या आजाराला लिथियम लागतं. लिथियम द्यायचं तर दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायला हवं, ते मोठ्या इस्पितळात पाठवायचं, रिपोर्ट पंधरा दिवसांनी यायचा, कधी यायचाच नाही. महिन्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन मात्र कपाटात होतं. मी खाली 'स्किझोफ्रेनिया' लिहिलं आणि इंजेक्शन दिलं.

महिन्याभरात मास्तर शांत झाले. पत्नीने परसातले आंबाडे आणून दिले. मला बरं वाटलं.

पुढे दर महिन्याला ते यायचे. मी कार्डाचं शेवटचं पान उघडायचो, आधीच्या ओळीखाली तीच ओळ लिहायचो, सिस्टर टोचायची. कार्ड जाड झालं. गोवा राज्य झालं, खोलीला नवा रंग लागला, ओळ तीच राहिली. चालताना मास्तरांचे हात हलेनासे झाले. चेहरा ताठ झाला. हाताला बारीक थरथर सुरू झाली. त्यासाठी मी आणखी एक गोळी लिहिली.

मास्तरांचं अक्षर गावात प्रसिद्ध होतं, हे मला फार उशिरा कळलं. देवळाकडचा दहीकाल्याचा फलक, लग्नांच्या पत्रिकांवरची नावं, शाळेच्या दारातला रोजचा सुविचार, सगळं त्यांच्या हातचं. एका मंगळवारी हात पुढे धरून ते स्वतः बोलले, एरवी बोलत नसत.

"डॉक्टर, इंजेक्शन जरा कमी करता येईल का? फळ्यावर लिहिता येत नाही."

"पोरां हसतत," पत्नी म्हणाली. "म्हणतत, मास्तरांचो खडू नाचता."

मास्तरही त्यावर हसल्यासारखं करत होते. चेहरा तेवढा हलत नव्हता. बाहेर बाकावर पंधरा माणसं होती. मी मान वर न करता म्हटलं, "मास्तर, पुन्हा ते दिवस हवेत का? अठरा पानांचे?"

त्यांनी मान खाली घातली. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी नोकरी सोडली. पत्नीने ते सांगितलं तेव्हा मी "बरं केलंत, विश्रांती मिळेल" म्हणालो, हेही आठवतं.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी हाताखाली एक तरुण डॉक्टरीण आली. तिला कार्ड पहिल्या पानापासून वाचायची सवय होती. मी तिला त्यावरून चिडवायचो, "बाई, कादंबरी वाचताय काय?" एक दिवस मास्तरांचं कार्ड तिने माझ्यासमोर ठेवलं.

"सर, मधली चार वर्षं पूर्ण बरे होते, असं तुम्हीच लिहिलंय."

"तेव्हा लिथियमची सोय नव्हती."

"आता काही वर्षं आहे ना, सर?"

सोय झाल्यावर पहिलं पान उलटून बघायला मला कुणी अडवलं नव्हतं. तिने हळूहळू इंजेक्शन उतरवलं, लिथियम सुरू केलं, मी सही केली. मास्तरांचा चेहरा सैल झाला, हात बराच स्थिरावला. पण ओठ आणि जीभ आपोआप हलायला लागली होती, सतत काही चघळल्यासारखी. इतकी वर्षं इंजेक्शन घेतल्यावर होतं असं. ते गेलं नाही.

निवृत्तीनंतर मी कोरगावला गेलो. काजूचे दिवस होते, वाटेवर पिकलेल्या बोंडांचा वास होता. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. मास्तर पडवीत बसले होते, सोबत एक शेजारी. मला बघून मास्तर उठले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "हेच ते डॉक्टर. ह्यांनी माका परत माणसांत हाडलो." शेजाऱ्याने मला हात जोडले. पत्नीने चहा आणि बेकरीचे उंडे पाव आणले. तासभर मी पावसाबद्दल, नव्या पुलाबद्दल बोललो. मास्तर ऐकत होते, ओठ हलत होते. शेजारी उठून गेला तरी मी पाठ केलेलं बोललो नाही.

पत्नी मला फाटकापर्यंत पोचवायला आली.

"नव्या डॉक्टरीणबायन माका सगळा सांगला," ती म्हणाली. "पयलोच उपाय वेगळो व्हयो होतो म्हणान. मी ह्यांका बोलूक नाय. तुमचेर भारी विश्वास ह्यांचो."

फाटकाची कडी तिने धरली होती, पण काढत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "पाणी भरपूर प्यायला सांगा. जेवणातलं मीठ एकदम तोडू नका, लिथियमला ते चालत नाही."

"बरां," ती म्हणाली आणि कडी काढली.

मास्तर वारले ते मला पेपरातल्या चौकटीतून कळलं. त्याच सुमारास त्यांची पत्नी तिच्या मुलीकडे राहायला गेली, कुठे ते मी विचारलं नाही. बसमध्ये पाठ केलेलं अजून आठवतं. ते एवढंच होतं: मास्तर, तुमच्या पत्नीने तुमचा आजार मला पहिल्याच दिवशी नीट सांगितला होता. मी तो लिहून घेतला आणि वाचला नाही. तुम्ही हात दाखवून विचारलंत, तेव्हा मी तुम्हाला भीती घातली. तुमचा हात मी घालवला. मला माफ करा.