इद्रिसभाईच्या दोन खुंट्या

शिव्या देण्यात आमच्या कागद गिरणीत माझा हात धरणारी दुसरी बाई नव्हती. खोपोलीच्या नाक्यापासून गिरणीच्या दारापर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. आणि सगळ्यात जास्त शिव्या मी ज्याला घातल्या, त्याच्याच पायाचं तीर्थ घ्यावं असं आज वाटतं. तो माणूस म्हणजे इद्रिस बुबेरे, आमचा भोंगेवाला.

इद्रिसभाई आधी कर्जतच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा. अंगाने काडी, कानावर सदा अर्धी विडी, बोलणं मोजकं. यंत्र बिघडलं की पेचकसाचं टोक यंत्राला आणि मूठ आपल्या कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ह्याला इथे दुखतंय." आणि तिथेच दुखत असायचं! खोटं सांगत असेन तर जीभ झडो. मोटारी, साहेबांचा पंखा, देवळातला लाऊडस्पीकर, सगळे आपलं गाऱ्हाणं ह्याच्याच कानात सांगायचे. साहेबांनी त्याला गिरणीत आणला आणि भोंगा त्याच्या हाती दिला.

अडुसष्ट साली भोंग्याची नवी पेटी आली. त्याचं असं, की गेटावरचं घड्याळ पुढे, खात्यातलं मागे, आणि मधल्या मधे आमच्या नावावर उशिराची फुली. रोज भांडणं. म्हणून ही पेटी. प्रत्येक खात्यातल्या घड्याळाची तार तिच्यात जायची, आणि सगळी घड्याळं जुळली की सातला भोंगा आपोआप वाजायचा. पेटीला सहा भोकं, प्रत्येकावर एक लाल दिवा. आमची घड्याळं मात्र चार. उरलेली दोन भोकं पुढेमागे नवी खाती निघतील म्हणून सोडलेली. पेटी बसवली आणि काय सांगू, मुकीच निघाली! चार दिवे पेटले, दोन काळे, भोंगा ढिम्म.

मग सुरू झाले एकेकाचे उपाय. कोणी नारळ फोडला, कोणी पेटीला लिंबू-मिरची बांधली. मालोजी वॉचमन तर शहाण्यांचा शिरोमणी. पेटीला सहा घड्याळं हवीत ना, मग त्याने अडगळीतली दोन बंद पडलेली घड्याळं आणून भिंतीला टांगली आणि त्यांच्या तारा त्या भोकांत खोचल्या. वर त्यांना हळदकुंकू वाहिलं! पेटी ढिम्म ती ढिम्मच.

इद्रिसभाई हसला. "मालोजी, नसलेलं घड्याळ परवडलं रं, मेलेलं नको."

मग मुंबईहून पेटीवाला आला. तो म्हणाला, "सोपं आहे. सगळी भोकं आतून एकमेकांना जोडून टाकतो. एक घड्याळ बोललं तरी बास, बाकीची बोलोत न बोलोत, पेटी सगळं ठीक धरेल."

साहेब खूश झाले. इद्रिसभाईने मात्र पेटीवर हात ठेवला. "नाय साहेब. मग उद्या चालू घड्याळ गप झालं तरी पेटी म्हणेल सगळं ठीक. घड्याळ नसणं वेगळं, आणि असून गप होणं वेगळं. मला दोन दिवस द्या."

दोन दिवसांत त्याने काय केलं, तर सागाच्या दोन खुंट्या तासल्या. रिकाम्या भोकात खुंटी बसली की आतली एक पट्टी दाबली जायची, आणि पेटीला कळायचं की इथे घड्याळच नाय, वाट बघू नको, पुढे चल. पण ज्या भोकात तार आहे, तिथलं घड्याळ गप झालं तर भोंगा वाजायचा नाय म्हणजे नाय. पहिल्या सकाळी भोंगा वाजला तेव्हा पार डोंगरापर्यंत गेला. मुंबईच्या पेटीला आमच्या माणसाने दोन लाकडाच्या तुकड्यांनी शिकवलं! पण कौतुक तोंडावर करीन तर मी सोनुबाई कसली?

कारण तार तुटली, उंदराने कुरतडली, कोणी चावी द्यायला विसरलं, की भोंगा गप. आणि आमी तीनशे माणसं दाराबाहेर उन्हापावसात उभी, इद्रिसभाई कुठल्या खात्याचा दिवा विझला ते बघून तिथे जाऊन येईपर्यंत. मी एकदा कँटीनमध्ये त्याला गाठलंच. "तुमच्या त्या खुंट्या चुलीत घाला! एका घड्याळासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवता?"

तो रागावला नाय. म्हणाला, "सोनुबाई, माझे दोन भाऊ. एक पाळण्यातच गेला. आई रडली, मग उठून कामाला लागली. दुसरा बोटीवर गेला, आणि दोन वर्षांनी त्याची पत्रं बंद झाली. लोक म्हणाले, तोही गेला असं समज. आई म्हणाली, तो नाय असं मला कोणी सांगितलेलं नाय, तो गप झालाय, जाऊन बघा. कोणी गेलं नाय बघायला." एवढं बोलून त्याने चहा संपवला आणि तो उठला.

आता एकाहत्तर सालची ती सकाळ सांगते. आमचे हे ब्लीचिंग खात्यात. कागद पांढरा करायचा वायू तिथे नळ्यांतून यायचा, दारातून जाताना डोळे चुरचुरायचे. हे रोज साडेसहाला एकटेच आत जाऊन तयारी करायचे. दुसरा माणूस यायचा तो आठाला. त्या दिवशी सात वाजले आणि भोंगा वाजला नाय. इद्रिसभाई वर छपरावर भोंग्याला तेल देत होता. खाली मी, माझं पित्त खवळलेलं. काय काय बोलले! त्याच्या खुंट्या काढल्या, त्याची पेटी काढली, त्याचे वाडवडील काढले. तो शिडीवरून उतरला, पेटीत बघितलं आणि म्हणाला, "ब्लीचिंगचं घड्याळ गप हाय."

पुढच्या क्षणी तो धावत होता. हौदात टॉवेल बुडवला, नाकातोंडाला बांधला आणि आत शिरला. दारातून तो पिवळट वास आला आणि मला कळलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण चारचौघांत नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी तीनशे माणसांदेखत ओरडले, "नामाऽऽ!"

इद्रिसभाईने त्यांना बगलेत धरून ओढत बाहेर आणलं. नळीचा सांधा सुटला होता. पडता पडता ह्यांनी आधाराला फळी धरली, तिच्यावरचं घड्याळ खाली आलं आणि बंद पडलं. सातला सहा मिनिटं कमी होती तेव्हा. मुंबईवाल्याचं ऐकलं असतं तर भोंगा वेळेवर वाजला असता, आमी सगळे आपापल्या खात्यात हसतखेळत गेलो असतो, आणि आठाला माझ्या घरी निरोप आला असता. हे महिनाभर दवाखान्यात होते, पण घरी आले. त्यानंतर भोंगा गप झाला की गिरणीच्या दारात कोणी चकार शब्द काढत नसे. मी तर नायच.

त्र्याऐंशीला इद्रिसभाई रिटायर झाला. आमी सत्काराची तयारी केली, हार आणले, साहेबांना भाषण लिहून दिलं. हा बाबा आलाच नाय! म्हणे, हार घालून यंत्र बरं होत नाय. सगळे हिरमुसले. तेव्हा हे म्हणाले, "बोलवून यायचा नाय तो. मी आणतो त्याला."

सोमवारी सकाळी ह्यांनी आपल्या हाताने ब्लीचिंगच्या घड्याळाची तार काढून ठेवली. मला विचारलं असतं तर मी करू दिलं नसतं. सात वाजले, भोंगा गप. पाच मिनिटं झाली असतील नसतील, बाजारपेठेच्या तोंडाशी इद्रिसभाई दिसला. लुंगीवर, अनवाणी, एका गालाला साबण तसाच, ऊर फुटेस्तोवर धावत. दारात माणसं हार घेऊन उभी, त्याने कोणाकडे बघितलं नाय. पेटीकडेही गेला नाय. सरळ ब्लीचिंग खातं. "नामा! नामा रं!"

हे दारातच उभे होते, हात जोडून. इद्रिसभाईने ह्यांना बघितलं आणि खाडकन एक थोबाडीत दिली. मग ह्यांच्याच गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. "मेल्या, अशी मस्करी करतात?" हेही रडत होते, मीही रडत होते, माणसं डोळे पुसत होती. अखेर तोच म्हणाला, "आधी तार जोड." भोंगा वाजला तेव्हा सात वाजून अकरा मिनिटं झाली होती, आणि त्या दिवशी कोणाच्या नावावर फुली पडली नाय.

मी पुढे झाले, त्याच्या मुठीत काय आहे ते बघायला. टॉवेल होता. तो घरून निघतानाच भिजवून आणला होता त्याने.