खाली कुणाचं गाव?

मी निघालो त्या दिवशी विमानतळाकडे जायची गाडी अण्णांनी आधी उलट्या दिशेला, धरणाच्या फुगवट्याकडे वळवायला लावली. काठावर उभं करून म्हणाले, "गावाच्या पाया पड." समोर नुसतं पाणी. आमचं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, मिसरूड फुटायच्या वयाचे होते. मी जन्मलो तो नेवाशाकडच्या पुनर्वसनाच्या गावात, पट्टीने आखल्यासारख्या गल्ल्यांत. विमान चुकेल या धास्तीने मी कसेबसे हात जोडले आणि गाडीत बसलो.

टेक्सासला येऊन आता बरीच वर्षं झाली. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना परदेशातला रविवार कसा खायला उठतो हे सांगायला नको. मला त्यातून एका शेजाऱ्याने बाहेर काढलं, मासे धरायला नेऊन. घरापासून तासाभरावर एक अफाट धरण आहे. तिथे आम्ही बास नावाचा मासा धरतो. गळाला गांडूळ नाही, रबराचा बेडूक. तो पाण्यावर तरंगतो. दोरीला हलका झटका द्यायचा, थांबायचं, पुन्हा झटका. खालून बास उसळतो, पाणी फुटतं आणि बेडूक गडप होतो. मासा हातात घ्यायचा, फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "धरलेलं सोडायचं, आन ह्याला खेळ म्हनायचं व्हय?" तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

आई गेली आणि अण्णा एकटे पडले. मी त्यांना इकडे घेऊन आलो, कायमचं ठेवायच्या इराद्यानेच. माणूस गुणी, सुनेच्या हातचा पास्तासुद्धा मुकाट खाल्ला. पण दिवसभर खिडकीशी बसून राहायचे, विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत. मला भीती वाटायला लागली की हे इथेच माझ्या डोळ्यांदेखत मिटून जातील. म्हणून एका संध्याकाळी त्यांना बोटीवर घेऊन गेलो.

या धरणात जागोजागी वाळलेली झाडं पाण्यातून वर उभी आहेत. बास त्यांच्या आडोशाला असतो, म्हणून आम्हाला ती फार प्रिय. अण्णांनी ती झाडं पाहिली, वाकून बूट काढले आणि कडेला जोडीने नीट ठेवले. पाय गरम झाले असतील असं मला वाटलं. मग आठवलं. आमच्याकडे फुगवट्यातल्या जुन्या गावावरून होडी जाते तेव्हा म्हातारी माणसं चपला काढतात, खाली मारुतीचं देऊळ आहे म्हणून.

"खाली कुणाचं गाव हाय?" अण्णांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तिथे बेडूक नाचवतोय, कधी डोक्यातच आलं नाही. परतल्यावर धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं. होतं की, म्हणाला, शाळा होती, चर्च होतं. ते अण्णांना सांगितलं, तर इथलं पाणी उन्हाळ्यात उतरतं का, असं त्यांनी विचारलं. गाव दिसेल इतकं उतरत नाही, मी म्हटलं.

गाडीत बसल्यावर अण्णांनी पट्टा लावून घेतला. मग म्हणाले, "आपलं उतरतं रं. पानी हटलं की तुझ्या आईसंगं गाळात पेरायला जायचो मी. यंदा मी गेलो न्हाई तर ती जागा कोन वळखनार?"

मला फार वाईट वाटलं, थोडा रागही आला. माझ्या घरात त्यांना सगळं होतं, आणि ते चिखलाची आठवण काढत होते. तिकीट मात्र मीच काढलं.

परवा संध्याकाळी पाण्यावर होतो. बेडकाभोवती एक दणदणीत बास घुटमळत होता, तेवढ्यात फोन वाजला. तिकडे नुकतं उजाडत होतं. अण्णा गाळात उभे राहून मोबाईल खाली धरत होते. मातीतून वर आलेला दगडी उंबरा दिसला, आणि त्याच्या अलीकडे काढून ठेवलेल्या त्यांच्या चपला. त्या घरात माझा जन्म झाला नाही, मी तिथे एक दिवस राहिलो नाही, तरी बेडूक तसाच पाण्यावर सोडून मी फोन जवळ धरला.

"हा आपला उंबरा," अण्णा म्हणाले. "ये आत."

मी बोटीत उठून उभा राहिलो. बूट मी मघाशीच काढून कडेला ठेवले होते, जोडीने.